हायवेच्या कडेची साऊ

बस विन्ह शहर मागे टाकून दक्षिणेला लागली, तरी तोआनचा उजवा पाय स्वस्थ बसायला तयार नव्हता. पुढे एखादा ट्रक आडवा आला की पाय बसच्या पत्र्यात रुतायचा, जसा काही ब्रेक त्याच्याच टाचेखाली होता. चढावर ड्रायव्हरने गिअर बदलायला जरा उशीर केला की तोंडातून 'च्च' निघायचं. शेजारी बसलेली थोम सकाळपासून हे बघत होती.

"अहो झुयेनचे बाबा, बस तुमच्या पायावर नाही चाललेली. सोडा त्या पायाला."

"दुसऱ्या गिअरवरच रेटतोय बघ तो. इंजिन रडतंय, ऐकू येत नाही तुला?"

"मला इंजिन नाही, तुम्ही रडताना ऐकू येताय."

मागच्या सीटवर लुआ खुदकन हसली. लुआ त्यांच्याच गल्लीतली, निवृत्त शिक्षिका. तिचा नवरा तोंड उघडं टाकून झोपला होता, त्यामुळे बोलायला तिला पुढच्या सीटचाच आधार होता. एकंदर बसभर सगळी अशीच मंडळी होती. उत्तर व्हिएतनाममधल्या नाम दिन्ह प्रांतातल्या एका मिठागराच्या गावातल्या ज्येष्ठांची सहल. हुए, दा नांग, होई आन, क्वी न्यॉन, न्या चांग आणि शेवटी सायगॉन. तिथून विमानाने घरी. तोआन आणि थोमला या सहलीला बसवलं होतं त्यांच्या मुलीने, झुयेनने. "आई, बाबांनी सगळं बघितलंय. आता तू बघ," असं म्हणून तिने परस्पर नावं घातली होती.

बाबांनी सगळं बघितलंय, हे खरं तर घरातलं एक गाऱ्हाणंच होतं.

थोमचा जन्म मिठागरातला. पहाटे वाळू पसरायची, उन्हात तापू द्यायची, खारं पाणी गाळायचं, फरशीवर ओतायचं आणि दुपारी ऊन डोक्यावर आलं की पांढरा थर फावड्याने ओढायचा. आमच्याकडे ऊन म्हणजे काम. आकाश निरभ्र असलं की बायका जेवणसुद्धा उभ्याने उरकतात. थोमच्या हाताला ती सवय इतकी मुरली होती की आता बसच्या खिडकीतून ढळढळीत ऊन पडलेलं बघून तिचा जीव कासावीस होत होता. इतकं ऊन फुकट चाललंय आणि आपण मांडीवर हात ठेवून बसलोय, हे तिला सहन होईना. पिशवीतून भुईमुगाच्या शेंगा काढून ती सोलत राहिली. कोणी खात नव्हतं, तरी सोलत राहिली.

तोआनशी लग्न झालं तेव्हा तो सरकारी वाहतूक कंपनीत रशियन ट्रक चालवायचा. पुढे खाजगी मालकाकडे गेला. उत्तरेतून कापड न्यायचं, दक्षिणेतून कलिंगडं आणि मासळीच्या आंबवलेल्या रसाची पिंपं आणायची. महिन्यातून तीन-चार दिवस घरी. बाकीचे दिवस थोम, तिची सासू, लहानगी झुयेन आणि मीठ. पण ते तीन-चार दिवस घर सणासारखं व्हायचं. अंगणात चहाचं भांडं ठेवून तोआन बसला की गल्ली गोळा व्हायची. हुएची तिळाची वडी, क्वांग ङायची खडीसाखर, न्या चांगचा सुका माकूळ वाटला जायचा, आणि त्याबरोबर गोष्टी. हुएच्या नदीवर होडीत बसून गाणाऱ्या बायका. होई आनच्या गल्लीत दिवे लागले की माणसांचे चेहरे कसे पिवळे-तांबडे होतात. तिथल्या जुन्या विहिरीचं पाणी कसं गोड. न्या चांगला तो पोहत बेटापर्यंत जाऊन यायचा. आणि क्वी न्यॉनला साऊ, त्याच्या जिवाभावाचं माणूस, मासळीच्या शेवयांचं दुकान चालवणारं. भरतीला लाटा टेबलाखाली येतात म्हणे, पाय वर घेऊन जेवावं लागतं.

आता इथे एक सांगायला हवं. 'साऊ' म्हणजे सहा. दक्षिणेत जन्माच्या क्रमाने हाक मारतात आणि त्यावरून बाप्या की बाई ते कळत नाही. आमच्या व्हिएतनामी भाषेत क्रियापदही ते सांगत नाही. तोआन म्हणायचा, साऊचा एक पाय लंगडा, साऊच्या तोंडी कायम शिव्या, साऊच्या हाताला चव आहे. थोमच्या डोळ्यांपुढे इतकी वर्षं एक लंगडा, टकला, शिवराळ म्हातारा उभा होता.

बस हुएला पोचली. गाइड वी, चटपटीत मुलगी, झेंडा हलवत सगळ्यांना नदीकाठी घेऊन गेली. होडीत बसायची वेळ आली आणि तोआनने गुडघा धरला.

"तुम्ही जा. माझा गुडघा धरलाय. मी इथेच बसतो बाकावर."

"काका, होडीत बसायचंच तर आहे," वी म्हणाली.

"मी कितीदा बसलोय पोरी. यांना दाखव."

थोम होडीत बसली. गाणाऱ्या बायका खरंच होत्या, रेशमी अंगरखे घातलेल्या. पण तिचं लक्ष काठाकडे होतं. गुडघा धरलेला माणूस बाकावर बसला नव्हता. तो काठाने येरझाऱ्या घालत होता, मधेच थांबून नदीकडे बघत होता, परत चालत होता.

दा नांगला सगळे समुद्रावर गेले, तेव्हा त्याच्या डोक्यात कळ आली. हॉटेलच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीत बसून त्याने दारवानाशी टायरांबद्दल गप्पा मारल्या. होई आनला मात्र सुटका नव्हती. बस गावाबाहेर उभी राहणार होती, सगळ्यांना उतरायचंच होतं. अरुंद गल्ल्या, पिवळ्या भिंती, वर टांगलेले कापडी कंदील. तोआन गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला आणि त्याचं तोंड किंचित उघडंच राहिलं.

"तोआनभाऊ, ती गोड पाण्याची विहीर दाखवा ना," लुआ म्हणाली. "आंधळ्यालाही सापडेल म्हणत होता."

"हां... ती... इकडून," असं म्हणून तोआन पुढे निघाला. मागे सात-आठ म्हातारी माणसं. एका वळणावरून दुसऱ्या वळणावर. शेवटी सगळे मासळीबाजारात निघाले.

"रस्ते बदललेत," तोआन म्हणाला.

"चारशे वर्षांचं गाव आहे हो," लुआ म्हणाली. "चारशे वर्षांत नाही बदलले, ते आत्ताच कसे बदलले?"

सगळे हसले. तोआनही हसला, पण मानेवर घाम आला होता. थोमने तो घाम पाहिला. तिला वाटलं, या माणसाचं चित्त इथे नाहीच. हा पुढच्या मुक्कामाला घाबरतोय.

दुपारी कंदिलांच्या दुकानात लुआने तिला हळूच गाठलं.

"थोम, राग मानू नकोस. पण हे साऊ... बाप्या आहे की बाई?"

"म्हातारा आहे. लंगडा."

"हे त्यांनी सांगितलं तुला, की तू धरून चाललीस?"

 थोमने हातातला कंदील परत टांगला तो उलटा.

लुआने काडी टाकली आणि ती धुमसायला लागली. एकेक गोष्ट थोमच्या मनात जागेवर येऊन बसत होती. होडीत का नाही बसला? कुणी ओळखील म्हणून. समुद्रावर का नाही आला? डोकं का दुखतंय? आणि सगळ्यांच्या तळाशी एक जुनी गोष्ट होती, तिला ती इतकी वर्षं गिळताही आली नव्हती आणि थुंकताही.

त्या मोठ्या पुराच्या साली सासू गेली. थोमने मालकाकडे निरोप दिला, मालकाने वाटेतल्या ठिकाणांना फोन लावले. शव ठेवता येईल तितकं ठेवलं. तोआन आला नाही. त्याच हायवेवरचा गल्लीतला दुसरा ड्रायव्हर आला, खांदाही देऊन गेला. तोआन उगवला तो सगळं आटोपल्यावर, कितीतरी दिवसांनी. दारात उभ्या असलेल्या नवऱ्याला थोम म्हणाली होती, "आई इकडे मातीत गेली, आणि तुम्ही तिकडे समुद्रात डुंबत होता." तो काहीच बोलला नव्हता. आणि न बोलणं म्हणजे कबुली, असा हिशेब तिने तेव्हाच मांडून ठेवला होता. आता त्या समुद्रात तिला एक बाईही दिसू लागली.

क्वी न्यॉनला पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलात एकच घोष. "साऊकडे नाश्ता! चला साऊकडे!" तोआन म्हणाला, दुकान बंद पडलं असेल. मग म्हणाला, साऊ आता हयात नसेल. मग वीने दुसरीकडे सोय केलीच आहे म्हटल्यावर त्याला इतकं हायसं वाटलं की तो तिच्यासाठी नारळपाणी आणायला निघाला. तो गेला तेवढ्यात थोमने पिशवी उचलली आणि मागच्या दाराने बाहेर पडली.

कोपऱ्यावर एक मोटरसायकलवाला भाडं शोधत उभा होता.

"साऊचं दुकान माहीत आहे?"

"मावशी, इथे गल्लीगणिक एक साऊ आहे. कुठली साऊ?"

"ट्रकवाल्यांची. मासळीच्या शेवया. समुद्राच्या काठावर."

"ट्रकवाल्यांची म्हणता, मग समुद्र कुठला? ती उलट्या अंगाला, हायवेवर. ट्रक येतात का इथे वाळूत?"

थोम मागे बसली. समुद्र पाठीमागे पडला. गोदामं, लाकडाच्या वखारी, दगड कापायच्या चक्क्या, त्यांची पांढरी धूळ. गाडी चालली त्या वेगाने तिच्या डोक्यात वाक्यं तयार होत होती. पहिलं काय बोलायचं, मग काय, आणि केस धरायचे झाले तर कुठल्या हाताने. तिच्या हातांनी आयुष्यभर फावडं ओढलं होतं. हातांची काळजी नव्हती.

पत्र्याचं छप्पर, पुढे मोकळं मैदान, त्यात चार-पाच ट्रक. एका ट्रकखाली कोणी तरी झोळी बांधून झोपलं होतं. चुलीपाशी एक बाई होती. सत्तरीची, आडव्या हाडाची, लंगडणारी, आणि एका ड्रायव्हरला पाणी सांडल्याबद्दल शिव्या देत होती. तेवढं सगळं बरोबर जुळलं. फक्त म्हातारा नव्हता.

"बस की. उभी काय राह्यलीस?" बाई म्हणाली. मध्य व्हिएतनामची बोली, निम्मे शब्द गिळलेले. "शेवया देऊ?"

"साऊ तूच का?"

"तर काय! हितं दुसरी कोन दिसती?"

"मी तोआनची बायको."

बाईने झारा खाली ठेवला. थोम वाट बघत होती की चेहरा पडेल, नजर चुकवेल. पण बाईचं तोंड फाकलं आणि पुढचे दोन दात नसलेलं हसू बाहेर आलं.

"उत्तरेचा तोआन? मिठागरवाला? अगं माय! तू ती मीठवाली! बस, बस. ए, त्या स्टुलावरनं ऊठ रे, पाव्हनी आलीया." ती स्वतः समोर येऊन बसली. "जिता हाय का त्यो?"

"आहे," थोम म्हणाली. "का? वाट बघतेस?"

साऊने तिच्याकडे नीट पाहिलं. बायकांना बायकांचं कळतं. मग ती इतक्या जोरात हसली की ट्रकखालचा माणूस जागा झाला.

"त्याची वाट? बये, त्यो हितं येऊन काय करायचा ठाऊक हाय? जेवायचा, आन् ट्रकखाली झोपायचा. आन् जागा असला की प्रश्न. न्या चांगहून ड्रायव्हर आला की त्याला धरायचा, 'समुद्र कसा दिसतो रं? बेट किती लांब?' होई आनची बाई जेवाया बसली की तिला, 'दिवे लावल्यावर कसं वाटतं? विहिरीचं पानी कसं लागतं?' मी म्हनायची, मुडद्या, तुला कशाला पायजे? तर म्हनायचा, घरी सांगाया लागतं."

थोमच्या पुढ्यात वाडगा आला होता. वाफ तोंडावर येत होती.

"म्हणजे तो गेलाच नाही कुठे?"

"जानार कसा? दिवसा गावात ट्रकला बंदी. माल उशिरा पोचला की मालक बोंबलनार. ट्रक सोडून गेलं की ताडपत्री कापून माल नेत्यात. एकदा मीच म्हनलं, ही माझी मोटरसायकल घे, समुद्र हितनं घटकाभराच्या वाटंवर हाय, पाय बुडवून ये. बसला, किक मारली, फाटकापतूर गेला, आन् फिरून आला. 'ट्रककडं कोन बघंल?' म्हनतो."

"आणि लाटा टेबलाखाली येतात त्या?"

"हितं?" साऊने मैदानाकडे हात केला. धूळ उडत होती. "पुराच्या साली आलं हुतं पानी टेबलाखाली. तेवडंच."

पुराच्या साली. थोमने चमचा खाली ठेवला.

"त्या साली तो इथे होता?"

"हितंच की. दोन्हीकडनं रस्ता तुटला, आदल्या दिशी निघाले ते निसटले, बाकीचे अडकले. त्याच्या मालकाचा फोन हितंच आला, माझ्याकडं. मीच सांगितलं त्याला, तुझी आय गेली. खाली बसला. मग उठला आन् रेल्वेच्या रुळावरनं चालत निघाला उत्तरंला. धरला आम्ही, ऐकंना. दोन दिसांनी माघारी आला. पुढं पूलच न्हवता. पायाची कातडी निघाली हुती. हितं, ह्या खांबाला टेकून बसला. मी आयुष्यात शिव्याच दिल्या समद्यास्नी, पर त्या दिशी मला काय सुचंना. भात दिला, तर ताट तसंच." तिने खांद्यावरच्या चिंधीने तोंड पुसलं. "सांगितलं न्हाई त्यानं तुला?"

"नाही," थोम म्हणाली.

वाडग्यातल्या शेवया तिने संपवल्या, कारण न संपवणं बरं दिसलं नसतं. चव होती. निघताना साऊने निरोप दिला: तोआनला सांग, साऊ अजून मेली न्हाई, आन् तू आला न्हाईस म्हनून तुझ्या बापाचा उद्धार केलाय.

परतीच्या वाटेवर थोमला रडू आलं नाही. हायसंही वाटलं नाही. खरं तर ती येताना होती त्यापेक्षा जास्त बिथरलेली होती. बाई असती तर काय करायचं ते तिला माहीत होतं. भांडायचं, रडायचं, मुलीकडे निघून जायचं. पण या माणसाचं करायचं काय? इतकी वर्षं ती मिठाच्या थराशी वाकून त्याचा हेवा करत आली होती. हा देश हिंडतोय आणि मी मीठ ओढतेय, हा हेवा तिने जेवणात कालवला होता, झुयेनच्या कानात ओतला होता. आणि हा तिकडे ट्रकखाली. तिच्या हेव्याखालची जमीनच कुणीतरी ओढून घेतली होती, आणि तरी राग जात नव्हता, उलट वाढत होता.

हॉटेलपुढे बस सुरू करून ठेवलेली, वी फोनवर, लुआ रस्त्यावर. तोआन नव्हता.

"तुला शोधायला समुद्राकडे धावलेत," लुआ म्हणाली. "गुडघा-बिडघा काही दुखत नव्हता बाई. पोरासारखे धावले."

तो वाळूत सापडला. एका हातात नारळ तसाच धरलेला. तिला बघून तो थांबला, आणि तिच्या कपड्यांवरची पांढरी धूळ बघून त्याला काय ते कळलं. त्या रस्त्याची धूळ त्याला ओळखता येत होती.

"साऊ कशी आहे?" त्याने विचारलं.

"दोन दात पडलेत. तुमच्या बापाचा उद्धार केलाय."

त्याने मोकळ्या हाताने विजारीवरची वाळू झटकली.

"एक सांगा," थोम म्हणाली. "गोष्टी रचल्या, ठीक. लेकरांना रचून सांगतात. पण आईच्या वेळी का गप्प बसलात? मी काय काय बोलले तुम्हाला! दारात उभं करून बोलले!"

"काय सांगणार होतो? साऊच्या दुकानात, ट्रकखाली अडकलो होतो म्हणून? मग तू विचारलं असतंस, ट्रकखाली का, समुद्रावर का नाही? एक टाका उसवला की सगळंच उसवलं असतं, झुयेनची आई."

"उसवलं असतं तर उसवलं असतं!"

"तुझ्याकडे दुसरं होतं काय तेव्हा?" तो एकदम जोरात म्हणाला. वाळूत खेळणारी दोन माणसं वळून बघू लागली. "मीठ, म्हातारी आणि मी आणलेल्या त्या गोष्टी. मी यायचो तेव्हा तू हात न धुता ऐकायला बसायचीस. त्या तरी राहू द्याव्यात, वाटलं."

थोमने हात पुढे केला. "नारळ द्या इकडे," ती म्हणाली. "वीसाठी आणलाय ना? कोमट झाला असेल."

बस निघाली. दक्षिणेकडच्या मोठ्या घाटाला लागली, एका बाजूला डोंगर, एका बाजूला खोल निळं पाणी. थोम म्हणाली, "आता खरं सांगा."

"काय खरं?"

"हाच रस्ता. काय झालं इथे तुमचं, ते."

तो सांगू लागला. खऱ्या गोष्टी आखूड होत्या. या वळणावर एकदा ब्रेक गेला, डोंगराला घासत थांबवला. त्या झऱ्याचं पाणी गोड, रेडिएटरमध्ये तेच घालायचे. इथे एक उत्तरेचा ड्रायव्हर खाली गेला, त्याच्यासाठी ते छोटं देऊळ. जाताना सगळे हॉर्न वाजवायचे. इथे टायर फुटलं आणि पावसात उभं राहून भात खाल्ला. एवढंच. एकेकाला एकच वाक्य. थोमने ऐकलं, पण मधेमधे तिला ते जुने कंदील आठवत होते, आणि ते खोटे ठरल्याचं दुःख होतं. कुणाला सांगण्यासारखं ते दुःख नव्हतं.

न्या चांगला दोघं पाण्यापर्यंत गेली. लुआ आणि बाकीची मंडळी रबरी ट्यूब घेऊन कधीच आत शिरली होती. तोआनने विजार गुडघ्यापर्यंत दुमडली. त्याच्या पोटऱ्या दगडासारख्या घट्ट आणि पांढऱ्याफटक होत्या. लाट आली तसा तो मागे सरला.

"पोहता येतं का तुम्हाला?" थोमने विचारलं.

"नाही."

"ते समोर दिसतंय तेच बेट ना? पोहून जाऊन येत होता ते?"

तोआनने बेटाकडे पाहिलं. ते चांगलंच लांब होतं. "हे जरा जास्तच झालं होतं," तो म्हणाला.

थोमला हसू फुटलं. ते हसू तिला नको होतं, म्हणून ती पाठमोरी झाली, पण खांदे हलत होते. मग दोघं पाण्यात गेली, कमरेपर्यंत, कपड्यांसकट, हात धरून. हात धरले ते प्रेमाने म्हणावं तर पायाखालची वाळू सरकत होती म्हणूनही.

सायगॉनला बाजार, चर्च, उंच इमारती झाल्या. विमानाच्या आदल्या दिवशी नाश्त्याच्या टेबलावर थोमने वीला सांगितलं, "पोरी, आमची दोघांची नावं काढ. आम्ही रेल्वेने जातो."

"काकू, विमानाने दोन तासांत घरी! रेल्वेने कंबर मोडेल."

"मोडू दे. जिथे वाटेल तिथे उतरणार आहोत."

"हा तर मधुचंद्र निघाला!" लुआ म्हणाली, आणि सगळं टेबल हसलं.

तोआनला आधी कुणी विचारलं नव्हतं. तो चहा हातात धरून बसला होता. "कुठे उतरायचं?" त्याने हळूच विचारलं.

"साऊकडे. मग विहीर शोधायची आहे. मग होडी."

गाडीत तो एका जागी बसला नाही. खिडकीतून बघायचा, उठून दाराशी जायचा, परत यायचा. रूळ समुद्राच्या कडेने जायचे, मग बोगद्यात शिरायचे, मग परत समुद्र.  थोमच्या मनात एक गोष्ट वर येत होती आणि ती दाबून धरत होती. शेवटी धरवेना.

"अहो झुयेनचे बाबा. बसा जरा."

तो बसला.

"आईंनी शेवटच्या दिवशी तुमचं नाव काढलं होतं. मी सांगितलं नाही तुम्हाला. रागात होते म्हणून नाही सांगितलं, आणि मग राहूनच गेलं."

तोआन तिच्याकडे वळला. "काय म्हणाली?"

"'तोआनला जेवायला मिळालं असेल का?' एवढंच. दोनदा विचारलं. मी म्हटलं, मिळालं असेल, साऊकडे."

गाडी कुठल्याशा लहान स्टेशनातून न थांबता पुढे गेली. तोआन उठला, दोन डब्यांमधल्या मोकळ्या जागेत गेला आणि बराच वेळ आला नाही. थोमने जागेवरून बघितलं. त्याची पाठ दिसत होती, दाराची कडी घट्ट धरलेला हात दिसत होता. ती उठून जाणार होती, मग बसली, मग परत उठली. इतक्यात तोच आला.

"असंच म्हणाली? हेच शब्द?"

"हेच."

"आणि तू साऊचं नाव घेतलंस?"

"घेतलं."

त्याने मान हलवली, बसला, आणि लगेच पुन्हा उठून वरची बॅग काढू लागला.

"अजून अवकाश आहे हो," थोम म्हणाली.

"माहीत आहे," तो म्हणाला, पण बॅग खाली काढलीच. मग दुसरी काढली. मग दोन्ही बॅगा पायाशी घेऊन दोघं उभी राहिली, एका हाताने सीट धरून, क्वी न्यॉनचं स्टेशन कधी येतं ते बघत.